चिखल टाकणारी वहिनी

माझ्या वहिनीनं मला पहिल्यांदा मारलं ते तिच्या लग्नाला दोन महिने व्हायच्या आत, आमच्याच सोप्यात बसून, शेंगा खात खात. मी समोरच्या भिंतीला टेकून बसले होते आणि मधे आई लसूण सोलत होती. मी किंचाळले तशी आईनं मान वर करून विचारलं, "काय झालं गं?" वहिनी म्हणाली, "काय न्हाई आत्या, शुभाताई मेल्या." आई "बरं" म्हणाली आणि पुन्हा लसणाला लागली.

हे मरण मोबाईलवरच्या खेळातलं. त्या खेळाचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे. आमच्यात त्याला सगळे 'खविस' म्हणतात. एक जण खविस होतो आणि चार जण गडी. जागा कुठली तरी ओसाड असते, बंद पडलेली गिरणी नाहीतर सुनं इस्पितळ. गड्यांनी लपतछपत पाच दिवे लावले की बाहेरचं दार उघडतं, आणि जो बाहेर पडला तो वाचला. खविसानं त्याआधी त्यांना धरायचं. गडी चार असले तरी पळण्यावाचून त्यांच्या हातात काही नसतं. खविस एकटा, पण त्याच्याकडे एक विद्या असते. आम्ही जो खविस घ्यायचो त्याची विद्या म्हणजे समोरच्याचे पाय जड करणं. तो काळपट गोळा फेकतो, आणि ज्याला तो लागला त्याचं पळणं काही क्षण संपतं. नुकतंच पाणी पाजलेल्या उसातून चालल्यासारखा तो एकेक पाय उपसत राहतो. आम्ही त्या गोळ्याला चिखल म्हणायचो. एकदा टाकला की पुन्हा हातात यायला वेळ लागतो, म्हणून तो कधी टाकायचा यातच सगळा खेळ आला.

तो 'कधी' माझ्या वहिनीला जसा कळायचा तसा मला कधीच कळला नाही. हे लिहितानासुद्धा मला बरं वाटत नाहीय.

ती आमच्यात येण्याआधी खविस मी व्हायचे. माझा थोरला भाऊ, विक्रमदादा, फौजेत. तो जिथं होता तिथं संध्याकाळी तासभर नेट यायचं, हजेरीची शिट्टी वाजेपर्यंत. तो तास माझा होता. दिवसभर मी आष्ट्याला एका मेडिकलच्या काउंटरवर उभी असायचे, आणि सात वाजायच्या आत घरी पोचायला मिळावं म्हणून मालकाशी रोज घासाघीस करायचे. दादा, मी, कोईमतूरला सोनं गाळायच्या दुकानात बसणारा आमचा चुलतभाऊ सागर आणि खेळातच भेटलेले कुणीही दोघं. कानात हेडफोन, तोंडानं गप्पा आणि अंगठ्यानं पळापळी. लहानपणी दादा उसाच्या सरीतनं माझ्या मागं लागायचा. आता मी त्याच्या मागं लागायचे. हा खेळ मीच त्याला शिकवला होता, हे मी कुणी न विचारता सांगत असे.

मग रेणुका वहिनी आली. तिचं माहेर जतच्या पलीकडं, जिथून कर्नाटक हाकेच्या अंतरावर. वडील पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. अख्ख्या तालुक्याला पाणी पोचवणाऱ्या माणसाच्या घरी आंघोळीला पाणी नसायचं, हे ती विनोद म्हणून सांगायची. उंच, काटक, हसताना मान मागं टाकणारी. डाव्या हाताची करंगळी कायमची वाकडी, खो-खोच्या खांबावर आदळून मोडलेली. पाय इतके मोठे की लग्नात मापाची चप्पल मिळेना. शेवटी पुरुषी चप्पल आणली आणि त्यावर तिनं स्वतःच्या हातानं मोती चिकटवले. मांडवात तिच्या पायाकडं बघून आमच्याकडच्या बायका कुजबुजल्या. तिनं ते ऐकलं आणि पदर सावरत म्हणाली, "ह्याच पायानं जिल्ह्याला खेळलीय मावशी. बघून घ्या."

विनय हा प्रकार तिच्याकडं नव्हताच. "जत तालुक्यात माझ्या हातनं सुटलेली एक पोरगी दावा, मी तिला साडी घेते," असं ती दर दोन दिवसांनी म्हणायची. घरात बसायचीसुद्धा तशीच: एक गुडघा उभा, दुसरा पाय मुडपलेला, बोटं फरशीला टेकलेली. आता कुणी पाठीवर थाप मारून खो देईल आणि ही उठून धावेल, असं बघणाऱ्याला वाटायचं. चहा मात्र बशीत ओतून इतका वेळ निवत ठेवायची की आमच्या कपबशा विसळून व्हायच्या. सगळ्यांना 'गड्या' म्हणायची खोड होती. एकदा भरल्या घरात आईलाच म्हणाली, "आगं सरक की गड्या," आणि मग स्वतःच जीभ चावून आत पळाली. आई चार दिवस ते आठवून हसत होती. मी असं काही बोलले असते तर लाटणं फेकून मारलं असतं.

तिच्या तोंडात एक कानडी शब्द सारखा असायचा, 'निधान'. म्हणजे सावकाश. दूध उतू जायला लागलं की दुधाला, मी स्कूटर जोरात काढली की मला, कोंबडीमागं लागलेल्या मांजराला, सगळ्यांना एकच, "निधाऽन." शब्दातला मधला आकार ती असा ओढायची की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप थबकायचा.

दादाची रजा संपून तो गेला, त्यानंतरच्या पहिल्याच संध्याकाळी ती माझ्या खांद्यावरून मोबाईलमध्ये डोकावली. मी खविस होते. सागर दिसला, मी लगेच चिखल टाकला. त्याला लागला, तो दोन पावलं रखडला, पुन्हा सुटला आणि खिडकीतून उडी मारून पसार झाला. वहिनीनं जीभ टाळ्याला लावून च्च केलं.

"आवं शुभाताई, मोकळ्या रानात कशाला टाकता?"

"दिसला म्हणून टाकला."

"दिसला म्हंजी गावला व्हय? पळतोय तवर पळू द्या की. खिडकीपाशी वळंल तवा टाका. वळताना परत्येकाचा पाय अडतो."

"वहिनी, तुमाला खेळ ठावं न्हाई अजून."

"व्हय, त्ये बी खरंच हाय," असं म्हणून ती भाकरी थापायला गेली. तिला वाईट वाटलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं. पण तिनं दुसऱ्या दिवशी माझ्याकडूनच खेळ मोबाईलमध्ये घालून घेतला, आठवडाभर गडी होऊन मुकाट्यानं पळाली, कुठं खिडकी आहे आणि कुठला जिना कुठं उतरतो हे बघून घेतलं, आणि मग एका संध्याकाळी म्हणाली, "आज मी खविस हुते." त्याच संध्याकाळी मी मेले.

तिचा खेळ बघायला खरं तर काहीच नसायचं. ती धावत सुटायची नाही. गड्याच्या थोडं मागं, थोडं बाजूला राहायची, आणि चिखल हातात तयार ठेवायची. मला तिची युक्ती माहीत झाली होती, म्हणून मी खिडकीकडं जाईना. मग ती मला खिडकीकडंच ढकलत न्यायची. दिवा लावणाऱ्याला सोडून त्याच्या मदतीला येणाऱ्यावर टाकायची, कारण मदतीला येणारा सरळ रेषेत येतो. आणि एकदा गिरणीच्या पटांगणात तिनं जे केलं ते मी अजून विसरलेले नाही. ती मागं, हातात चिखल. आता टाकेल म्हणून मी डावीकडं झुकले. टाकला नाही. आता नक्की म्हणून उजवीकडं. तरी नाही. अशी मी नागमोडी पळत राहिले आणि ती सरळ चालत आली. माझ्या पाठीत हात बसला तेव्हा चिखल तिच्या हातात तसाच होता. न टाकलेल्या चिखलानं मी मेले. कानात दादा इतका हसला की त्याच्या बराकीतला दुसरा कुणीतरी "क्या हुआ?" असं विचारताना ऐकू आलं.

दादा माझ्या खेळावर असा कधी हसला नव्हता. मला वहिनीचा राग आला असता तर सोपं होतं. नणंदेला भावजयीचा राग येतो हे गावात सगळ्यांना समजतं, कुणी विचारत नाही. पण मला हेवा वाटत होता, आणि तो कुणाला सांगता येत नाही. राग आला की भांडता तरी येतं. हेव्यात नुसतं बघत बसावं लागतं, आणि बघून बघून दिसतं काय, तर समोरची खरंच चांगली आहे.

दादाच्या त्या तासाचंही पुढं तेच झालं. आमच्या गावात नव्या नवरीनं सासऱ्यासमोर नवऱ्याशी तासभर फोनवर बोलणं शोभत नाही. मोबाईलला रेंज फक्त सोप्यात, आणि सोप्यात आबा बसलेले. पण नणंद-भावजय मिळून मोबाईलवर काही खेळत बसल्या तर कोण काय म्हणणार? आबा शेजाऱ्यांना कौतुकानं सांगायचे, "दोगींचं लय जमतंय." जमतंय कसलं, मी आडोसा झाले होते. वहिनी मला सुरुवातीलाच एखाद्या खिडकीपाशी गाठून बाहेर काढायची, मग सागरला, मग तो कोण चौथा असेल त्याला. आणि मग त्या ओसाड गिरणीत ती दोघंच उरायची.

मेलेल्या गड्याला पुढचा खेळ बघता येतो. मी बघत असायचे. दादा दिवे लावायचा, दार उघडायचं, तो दारापाशी पोचायचा, आणि अगदी उंबऱ्यावर मागून चिखल यायचा. "निधाऽन." दादाचे पाय जड व्हायचे. ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहायची आणि धरायची नाही.

"सोड की आता, हजेरी हाय," दादा म्हणायचा.

"जावा की. कुणी धरलंय तुमाला?"

आणि एकेक पाय उपसत जाता जाता तो सांगायचा, आज मेसमध्ये काय होतं, थंडी किती आहे, पायमोजे पोचले. ती नुसतं हं म्हणायची. मग चिखल सुटायचा, तो बाहेर पडायचा आणि नेट जायचं. खेळात वहिनी हरलेली असायची.

एकदा मी न राहवून म्हणाले, "धरायचं न्हाई तर चिखल फुकट का घालवताय?" ती शेंगेचं टरफल काढत म्हणाली, "फुकट कुठं गेला?" आणि हसली. मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच जास्त जळत होतं. मला तिनं दारापर्यंत कधी येऊच दिलं नव्हतं.

तिची ही कला मोबाईलपुरती असती तरी मी सोसलं असतं. पण एकदा उसाच्या पाण्याची पाळी आमची असताना खालच्या रानवाल्यानं मोटारीचं पाणी आपल्याकडं वळवलं. आबांना ते कळलं आणि ते काठी घेऊन उठले. आबांचा राग म्हणजे काय हे मी लहानपणापासून बघितलंय. आई पुढं होऊन "आवं ऐका" करायला लागली, मी त्यांचा हात धरला, आणि जितकं धरलं तितके ते जास्त उसळले. वहिनी कोपऱ्यात शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. आबा आम्हाला झिडकारून अंगणात गेले, फाटकापाशी पोचले, एक पाय चपलेत घातला आणि दुसरी चप्पल पायानं चाचपायला लागले. तेवढ्यात वहिनीनं बसल्या जागेवरून विचारलं, "मामा, वरच्या बांधानं जाणार का खालच्या?"

आबा थांबले. वरच्या बांधानं गेलं तर चिखल, खालच्यानं गेलं तर त्याच माणसाच्या दारावरून. ते एक पाय चपलेत आणि एक बाहेर असे उभे राहून विचार करायला लागले. विचार करता करता काठी खाली टेकली. थोड्या वेळानं म्हणाले, "सकाळच्याला सांगतो त्याला," आणि परत आत येऊन चहा मागितला. आई वहिनीकडं असं बघत राहिली, जसं तिनं माझ्याकडं माझ्या दहावीच्या निकालालासुद्धा बघितलं नव्हतं.

पुढच्या वेळी आबा उठले तेव्हा मी मुद्दाम वाट बघितली. फाटकापर्यंत जाऊ दिलं. पाय चपलेत जाऊ दिला. मग म्हणाले, "आबा, वरच्या बांधानं का खालच्या?" आबा म्हणाले, "गप घरात बस," आणि गेले. वहिनीनं तोंडावर पदर धरला होता, तरी खांदे हलताना दिसत होते. नंतर तिनं मला समजावलं की शब्द बरोबर होते, पण मी चिखल टाकला तो त्यांची दुसरी चप्पल पायात गेल्यावर.

सांगलीच्या एका कॉलेजात या खेळाची स्पर्धा होती तेव्हा सागर रजेवर गावाकडं आला होता. पाच जणांचा संघ: सागर, त्याचे दोन दोस्त, वहिनी आणि मी. खविस कोण, हा प्रश्न माझ्या मनात तरी नव्हता. वहिनी कितीही झालं तरी घरात खेळणारी, आणि मी जुनी. सागरनं गाडीत बसल्याबसल्या सांगून टाकलं, "खविस वहिनी. शुभे, तू गडी म्हणून लय भारी हायस." सांगली येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. वहिनीनं माझ्या मांडीवर शेंगांचा पुडा ठेवला. मी एकही शेंग खाल्ली नाही, हे मला तेव्हा फार मोठं काम वाटलं होतं.

हॉलमध्ये सगळी कॉलेजची पोरं. मंगळसूत्र घातलेली, मोत्यांची पुरुषी चप्पल घातलेली बाई खविसाच्या खुर्चीवर बसली तशी मागून कुणीतरी "काकू, चुकून आलात का?" म्हणालं. वहिनीनं मागं वळून त्याला नीट बघून घेतलं. "कुठल्या संघात रं तू? हां. ऱ्हा." त्या पोराला तिनं पहिल्याच फेरीत तीनदा खिडकीपाशी नेलं, दोनदा न टाकता परत पाठवलं आणि तिसऱ्यांदा टाकला. हॉलमधली पोरं उठून तिच्या खुर्चीमागं जमली. दुपारपर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणायला लागले. मी गडी म्हणून बरी खेळले, पण ते कोण बघतंय!

शेवटच्या फेरीत आम्ही चार गड्यांनी आधीच्या डावात पळायचं आपलं काम केलं होतं. आता वहिनीनं समोरचे चौघं धरले की कप आमचा. तिनं तिघांना गाठलं. चौथा पोरगा दाराकडं पळत सुटला. दार उघडं, पण दारापाशी वळण, आणि वहिनीच्या हातात चिखल तयार. मागं उभी पोरं पुढं वाकली. सागर माझा खांदा इतका दाबत होता की दुखायला लागलं. पोरगा वळणाशी आला, आणि वहिनीच्या स्क्रीनवर खेळ जाऊन हिरवं बटण आलं. वर नाव, 'फौजी'.

सुरुवातीला सगळ्यांना सांगितलं होतं, फोन येणार नाहीत असं करून ठेवा. सगळ्यांनी केलं होतं. वहिनीनं केलं नव्हतं. नंतर सागरनं डोक्याला हात लावून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्ये कवा फोन करतील सांगता येतंय व्हय?" नेटचा तास संध्याकाळचा, दुपारी दादाचा फोन कधी यायचाच नाही. त्या दिवशी त्याला कुठं तरी रेंज मिळाली असणार. फोन कापायला एक बोट पुरलं असतं, आणि खेळ होता तिथं परत आला असता. हॉलभर पोरं "कट करा, कट करा" ओरडत होती. तिनं हिरवं बटण दाबलं, उठली आणि एका कानावर हात ठेवून भिंतीकडं गेली. "आवं, बोला की. न्हाई, कामात न्हाई. रिकामीच हाय."

समोरचा पोरगा आरामात दाराबाहेर गेला. कप गेला. सागर खाली बसला. माझा फोन माझ्या मांडीवर होता. आमचा पळायचा डाव संपल्यासंपल्या मी त्यावर पुन्हा फोन येतील असं करून ठेवलं होतं. रेंज पूर्ण होती आणि कुणाचा फोन आलेला नव्हता. ती भिंतीशी उभी राहून वाकड्या करंगळीनं रंगाचे पोपडे काढत हसत होती. हॉलमध्ये शंभर माणसं तिच्यावर चिडलेली, आणि तिला त्याचं काही नव्हतं. कप गेल्याचं दुःख मला कधीच झालं नाही. मला वाटलं, माझ्यासाठी असा दुपारी मधेच कुणी फोन करत नाही, आणि ज्याच्यासाठी मी समोर आलेला कप सोडून देईन असंही माझ्याकडं कुणी नाही. जो होता, त्यानं तिला फोन केला होता.

परत येऊन ती माझ्या शेजारी बसली. "शुभाताई, तुमाला बी इचारलं त्यांनी. जेवली का म्हनून."

"मग काय सांगितलं?"

"सांगितलं, शेंगा सुदीक खाईना झाल्यात."

मग मी पुडा उघडला. एक शेंग खाल्ली. ती अर्थात गोड निघाली.

पुढच्या वर्षी दादाची बदली उत्तरेकडच्या एका छावणीत झाली आणि त्याला तिथं राहायला घर मिळालं. वहिनी निघाली. आईनं तिला ज्वारीचं पीठ, चटणी, शेंगा असं इतकं बांधून दिलं की आबा म्हणाले, "आगं, तिकडं बी माणसंच ऱ्हात्यात." सांगली स्टेशनवर ती डब्याच्या दारात उभी राहिली, एक पाय पायरीवर. "शुभाताई, रोज खेळायचं हां." मी "बघू" म्हणाले आणि तिची पिशवी आत सरकवायच्या निमित्तानं खाली वाकले. गाडी सुटली तेव्हा मी पिशवीकडंच बघत होते. वर बघितलं तर मोत्यांची चप्पल तेवढी दिसली, तीही लगेच पुढं गेली.

त्यानंतर सात वाजायचे आणि माझा मोबाईल गप्प असायचा. साहजिकच होतं. दादा संध्याकाळी ड्यूटीवरून तिच्याकडंच जात होता. आता त्यांना गिरणीची काय गरज? घरात आबा दोनदा म्हणाले, "तुमचा त्यो खेळ बंद झाला का गं?" मी मेडिकलमधून सावकाश घरी यायला लागले. मालक खूश झाला. मला दोघांचाही हेवा वाटायचा, तिला दादा मिळाला म्हणून, आणि दादाला ती मिळाली म्हणूनसुद्धा. हे दुसरं मला कळायला जरा वेळ लागला.

मग एका संध्याकाळी मोबाईल वाजला. खेळातलं बोलावणं, रेणुकाकडून. त्यानंतर तिला दिवस गेले, पुढं बाळ झालं, आणि ती पुन्हा खेळली नाही. फोनवर बोलते, फोटो पाठवते, पण खविस म्हणून मी तिला बघितलं ते त्या दिवशी शेवटचं. मी सोप्यात भिंतीला टेकून बसले. सागर होता, आणखी कुणी दोघं होते. दादा नव्हता, तो तिच्या शेजारी बसून बघत होता, त्याचा आवाज मधून मधून कानात येत होता. जागा गिरणीचीच.

तिनं सागरला खिडकीपाशी घेतलं. बाकीच्या दोघांना जिन्यात. मी दोन दिवे लावले, तिसरा लावला, आणि मला कुणी गाठेना. एकदा ती पटांगणात समोरून गेली, मला दिसली म्हणजे मीही तिला दिसले असणार. पण ती वळली नाही. पाचवा दिवा लागला. दार उघडलं. मी आयुष्यात पहिल्यांदा वहिनीच्या खेळात दारापर्यंत पोचले होते. उंबरा एका ढांगेवर होता.

मागून चिखल आला. कानात आवाज आला, "निधाऽन."

माझे पाय जड झाले. खविस माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं हात उचलला नाही.

"धर की तिला!" मागून दादा ओरडला. "हुबी का ऱ्हायलीस?"

"तुमी गप बसा वो," वहिनी म्हणाली. मग मला म्हणाली, "आत्यांचा गुडगा कसा हाय?"

मी एक पाय उपसला. "बरा हाय. जिना चढती आता."

"मामा?"

"बांधावरच असत्यात. परवा काठी घेऊन उठलं हुतं."

"थांबिवलं का मग तुमी?"

"थांबिवलं. एकच चप्पल घातली हुती तवा."

ती मान मागं टाकून हसली असणार. आवाज लांब गेल्यासारखा झाला. "शिकलासा म्हना की. आन् तुमी कशा हायसा?"

मी दुसरा पाय उपसला. म्हणाले, "जळत बसलीय. तुमी दोगं तिकडं, मी हितं."

"जळा की," ती म्हणाली. "मी बी जळतीय. आत्यांच्या हातची भाकरी तुमी खाताय."

आई आत भाकरीच थापत होती, तिचा थपथप आवाज हेडफोनमधून तिला जात असणार. खविस तसाच माझ्या शेजारी उभा होता, हात खाली, मान जरा कललेली. थोड्या वेळानं पायातला चिखल सुटला. पळायचं बटण माझ्या अंगठ्याखालीच होतं, आणि दार समोर उघडं होतं. मी अंगठा उचलला आणि चालत निघाले.